माझा आवडता ब्रिटिश नट

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना गृहपाठ द्यावा की नाही, या प्रश्नावर माझी दोन मते आहेत. शिक्षक या नात्याने मला वाटते की द्यावा. नाहीतर पोरे सुट्टीनंतर शाळेत येतात ती पाढे घरी विसरून. बाप या नात्याने वाटते की मुळीच देऊ नये. कारण हा गृहपाठ हिंडूनफिरून शेवटी बापाच्याच गळ्यात पडतो.

आमची थोरली नववीत आहे. रोज एस.टी.ने तालुक्याच्या शाळेत जाते. यंदा तिच्या इंग्रजीच्या बाईंनी सुट्टीसाठी निबंधाचा जो विषय दिला, तो ऐकून मी हातातला आकाशकंदिलाचा कागद खाली ठेवला. विषय होता, 'माझा आवडता ब्रिटिश चित्रपट-नट'. आमच्या वेळी 'माझी गाय' असे. गाय गोठ्यात उभी असे. जाऊन पाहून यावे आणि लिहावे. शेपटी किती लांब असा प्रश्न पडला तर मोजूनही यावे. पण ब्रिटिश नट आसेगावात कुठे पाहावा? आमच्या गावात सिनेमाचे थिएटर मी तरी कधी पाहिलेले नाही. लहानपणी जत्रेतल्या तंबूत जमिनीवर बसून जे पाहिले तेवढेच. त्यात दादा कोंडके पुष्कळ होते, ब्रिटिश कोणीच नव्हते.

"कोणता लिहू, बाबा?" थोरलीने विचारले.

"तुला कोणता आवडतो?" मी मास्तरकीच्या सवयीने तिचा प्रश्न तिलाच परत केला.

"तेच तर ठरवायचं आहे!"

तिचे म्हणणे मला पटले. आवड आधी असते आणि निवड मागाहून होते, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पुष्कळदा उलटे घडते. दुकानात गेल्यावर, समोर पाच लुगडी पसरल्यावर, बाईमाणसाला आपल्याला कोणता रंग आवडतो ते उमगते. तशी आम्हीही त्या संध्याकाळी ओसरीवर नटांची लुगडी पसरून बसलो.

पण त्या दिवशी आमच्या घरात निबंधाला अनुकूल अशी हवा नव्हती, हे आधी सांगायला हवे. मी कादंबऱ्या लिहितो. माझे शिक्षण मॅट्रिकचे, म्हणजे आजच्या भाषेत दहावीचे. मॅट्रिक झालो, तांड्यावरची पोरे गोळा करून शिकवू लागलो, तेव्हापासून गाव मला गुरुजी म्हणते. कादंबरी मी अजून हातानेच लिहितो, आणि काटकसरीच्या सवयीने पाठकोऱ्या कागदांवर लिहितो. हे पाठकोरे कागद लांबून पाहणाऱ्याला रद्दीसारखे दिसतात, ही गोष्ट मी कधी ध्यानात घेतली नव्हती. त्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात गेलो तर परातीत कागद अंथरलेले, त्यांवर चकल्या निथळत पडलेल्या, आणि चकल्यांच्या काट्यांमधून माझ्या नव्या कादंबरीचे अकरावे प्रकरण डोकावत होते. शाई आणि तेल यांचा असा संगम मी यापूर्वी पाहिलेला नव्हता.

मी ओरडलो. नुसता ओरडलो असतो तर एक वेळ चालले असते. पण मुलांच्या देखत मी म्हणालो, "अडाणी बाई! तुला अक्षराची किंमत काय कळणार?"

आता गंमत अशी, की आमच्या सौभाग्यवतीजवळ बारावी पास झाल्याचे प्रमाणपत्र आहे, आणि माझ्याजवळ जे आहे ते वर सांगितलेच. तिने मला याची आठवण करून दिली नाही. तिने काहीच केले नाही. परातीतल्या चकल्या डब्यात भरल्या, कागद झटकले, नीट क्रमवार लावले, माझ्या टेबलावर नेऊन ठेवले, आणि परत येऊन चुलीपाशी बसली. तेव्हापासून ती फक्त मुलांशी बोलत होती. ओसरीवर आम्हाला तिचा आवाज येत नव्हता. चकली तेलात सुटल्याचा चर्र आवाज तेवढा येत होता. अशा आवाजाच्या साथीवर ब्रिटिश नटाची निवड सुरू झाली.

पहिले मत धाकट्याने दिले. तो सहावीत आहे. "मिस्टर बीन!" तो म्हणाला, आणि लगेच भुवया उडवून दाखवल्या. हे मत मला वाटले तेवढे पोरकट नव्हते. रोवन ॲटकिन्सनची ही मालिका १९९० साली सुरू झाली. एवढ्या थोड्या भागांवर एवढे जग हसवणारा माणूस विरळा. शिवाय तो जवळजवळ बोलतच नाही. आमच्या तांड्यावरच्या ज्या पोराला इंग्रजीतले 'येस' आणि 'नो' एवढेच येते, तेही त्याला पाहून गडाबडा लोळते. ज्या ब्रिटिशाला समजून घ्यायला इंग्रजी लागत नाही, तो आमच्या दृष्टीने उत्तमच म्हणायचा. पण थोरलीने मान हलवली. "तो टी.व्ही.चा. बाईंनी चित्रपट म्हटलं आहे." चित्रपटही त्याने केले आहेत, १९९७ साली एक आणि २००७ साली एक, असे मी सांगून पाहिले, पण तेवढ्यात माझा पुतण्या मध्ये पडला.

हा पुतण्या अकोल्याला कॉलेजात आहे आणि सुट्टीला आमच्याकडे आला आहे. त्याच्या मते प्रश्नच नव्हता. "टॉम हॉलंड!" तो म्हणाला. हा कोण, असे मी विचारताच तिन्ही मुलांनी माझ्याकडे दयेने पाहिले. हा म्हणे स्पायडरमॅन होतो. पण तो कोळी-माणूस तर अमेरिकेचा ना? हो, पण नट लंडनजवळचा, १९९६ चा जन्म. मला आश्चर्य वाटले. अमेरिकेतल्या उंच इमारतींवर चढायलाही इंग्लंडहून माणूस न्यावा लागतो! थोरलीच्या डोळ्यांत क्षणभर चमक आली. पण "वर्गातल्या निम्म्या मुली त्याच्यावरच लिहिणार आहेत," असे म्हणून तिने तेही नाव बाजूला ठेवले. दुसऱ्यांची आवड ती आपली नव्हे एवढे तिला कळते, हे पाहून मला बरे वाटले.

मग मी माझा मोहरा पुढे केला. चार्ली चॅप्लिन! त्याचा जन्म १८८९ चा, लंडनचा. आई रंगभूमीवर गाणारी. पुढे तिचे मन बिघडले. सात वर्षांचा असताना हा मुलगा अनाथ-गरिबांच्या सरकारी आश्रयघरात गेला होता. बूट उकडून खाणारा तो 'गोल्ड रश'मधला भणंग, 'द किड'मध्ये पोराला छातीशी धरणारा तो फाटका बाप. माणसाच्या भुकेवर माणसाला हसवण्याची ताकद त्याच्याएवढी कुणात होती? आणि १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी गांधी लंडनला गेले होते, तेव्हा हा जगप्रसिद्ध माणूस त्यांना भेटायला एका गरीब वस्तीतल्या डॉक्टरच्या घरी गेला. गांधींनी त्याचा एकही चित्रपट पाहिलेला नव्हता. चॅप्लिनने विचारले, यंत्रांवर तुमचा एवढा राग का? गांधींनी आपल्या परीने समजावून सांगितले. पुढे १९३६ साली यंत्राच्या चाकांत सापडलेल्या कामगाराचा 'मॉडर्न टाइम्स' निघाला. त्या भेटीचा त्यात किती वाटा होता हे चॅप्लिनच जाणे. पण मला तो दिसतो.

"पण बाबा, त्याचे सिनेमे तर अमेरिकेतले," थोरली म्हणाली. मास्तराची मुलगी असल्याचे हे तोटे.

"असेनात. जवळजवळ चाळीस वर्षे तो अमेरिकेत राहिला, पण अमेरिकेचे नागरिकत्व त्याने कधी घेतले नाही. शेवटपर्यंत ब्रिटिशच."

ती विचारात पडली. चॅप्लिन तिला आवडला होता. पण तो तिला मी सांगितलेला होता. बापाने सांगितलेली आवड ही बापाने आणलेल्या फ्रॉकसारखी. अंगाला बसते, पण मुलगी आरशासमोर फार वेळ उभी राहत नाही.

त्यानंतर मी जरा लहरीत येऊन आणखी एक नाव सुचवले: ॲलेक गिनेस. हा फार मोठा नट. १९४९ सालच्या एका चित्रपटात एकाच खानदानातली आठ माणसे त्याने एकट्याने केली. 'ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'साठी त्याला ऑस्कर मिळाले. पण मला तो आठवतो तो वेगळ्याच कारणाने. त्याने एका मराठी माणसाची भूमिका केली आहे! ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक १९२१ साली देवासच्या मराठा संस्थानिकांचा खाजगी चिटणीस होता. त्याच्या 'अ पॅसेज टू इंडिया' या कादंबरीत एक दक्षिणी ब्राह्मण प्राध्यापक आहेत, त्यांचे नाव नारायण गोडबोले. डेव्हिड लीनने १९८४ साली तिच्यावर चित्रपट काढला, तेव्हा हे गोडबोले ॲलेक गिनेसच्या वाट्याला आले. मध्यंतरी मी तो मोबाईलवर पाहिला. चेहऱ्याला सावळा रंग, डोक्याला पगडीसारखे काही, आणि बोलणे असे, की दर वाक्यामागे वेदान्त दडला आहे. मी सदाशिव पेठेत कधी राहिलो नाही, पण गोडबोले मला ठाऊक आहेत. आमच्या गावच्या पोस्टात एक गोडबोले होते. ते पेन्शनविषयी बोलत, दम्याविषयी बोलत. गूढ असे काही बोलल्याचे स्मरत नाही. आठ इंग्रज लीलया उभे करणाऱ्या या थोर नटाला नववा मराठी माणूस काही साधला नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतून सोंगे निघतात ना, तसे ते वाटले. सोंग चांगले होते, पण सोंगच.

मुले हसली. आणि ती हसत असतानाच मला वाटले, की मग दुसरा एक इंग्रज नट आमच्याच माणसाचे सोंग घेऊन आला, तेव्हा मला हसू का आले नव्हते?

"थांब," मी थोरलीला म्हणालो. "माझा आवडता ब्रिटिश नट चॅप्लिन नाही. बेन किंग्जली."

पुतण्याने मोबाईलमध्ये नाव घातले. बेन किंग्जली, जन्म १९४३, यॉर्कशायर. पाळण्यातले नाव कृष्णा भानजी. वडील गुजराती वंशाचे डॉक्टर, आई इंग्रज. रिचर्ड ॲटनबरोच्या 'गांधी' चित्रपटात गांधीजी. त्या चित्रपटाला १९८३ साली आठ ऑस्कर मिळाली, त्यांतले एक यांना. मी त्यात माझी भर घातली, कारण एवढे मला पाठ आहे. त्याच आठांतले एक वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैय्यांना मिळाले, आणि भारतात आलेले ते पहिले ऑस्कर. त्यात गोखल्यांचे काम आमच्या डॉ. श्रीराम लागूंनी केले. आणि कस्तुरबा झाल्या रोहिणी हट्टंगडी, ज्यांना मुले 'चार दिवस सासूचे'मधल्या म्हणून ओळखतात. त्यांना या कामाबद्दल इंग्लंडचे बाफ्टा पारितोषिक मिळाले.

"पण काका," पुतण्या मोबाईलवरून डोळे न काढता म्हणाला, "तुम्ही हिंदीत पाहिला असणार. हिंदीत किंग्जलीचा आवाजच नाही. आवाज पंकज कपूरचा आहे."

हे मला ठाऊक नव्हते. इतकी वर्षे ज्या माणसाला मी मनात बाळगले, त्याचा आवाज दुसऱ्याचाच होता तर! निम्मा नट हातचा गेला. उरला तो फक्त चेहरा. पण मग माझ्या ध्यानात आले, की मला आठवत होता तोही चेहराच. त्या चेहऱ्याची हकीकत मी मुलांना सांगितली. पूर्वी कधी सांगितली नव्हती.

१९८९ सालचा गणेशोत्सव. मी नऊ वर्षांचा. वाशीम जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता, आम्ही अकोल्यात होतो. त्या वर्षी मंडळाने मंगरूळपीरहून रंगीत टी.व्ही. आणि व्हिडिओ भाड्याने आणायचे ठरवले. पोरांना 'शोले' हवा होता. माझे वडील गावच्या शाळेत मास्तर आणि मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी अट घातली: आधी 'गांधी', मग 'शोले'. 'गांधी' तीन तास अकरा मिनिटांचा. त्या रात्री आमच्या गावच्या पोरांनी गब्बरसिंगासाठी जो संयम दाखवला, तो पाहून खुद्द गांधीजींनाही समाधान वाटले असते.

पण मला त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातले काही सांगितले पाहिजे. बाबा ध्येयवादी होते. तांड्यावरची दोन पोरे शिकावीत म्हणून त्यांनी ती आमच्या घरीच आणून ठेवली होती. घरात नऊ माणसे. गावातल्या विहिरीने तळ गाठलेला. नाल्यापलीकडच्या विहिरीवरून आई दिवसभर पाणी आणी. कडेवर एक घागर, डोक्यावर एक. एके दिवशी दुपारी तिने घागर उतरवली आणि ती म्हणाली, "आता माह्याच्यानं होत नाही." तेवढेच. बाबांना वाटले, ही त्या दोन पोरांना कंटाळली. आपल्या व्रताला हिची साथ नाही. त्यांनी तिचे मनगट धरले, अंगणातून फाटकापर्यंत नेले, आणि फाटक उघडून म्हणाले, "होत नसेल तर माहेरी जा." मग ते आत येऊन पेपर तपासत बसले. आई भिंतीच्या कडेला उन्हात उभी राहिली. शेवटी आजी तिला आत घेऊन आली. मी हे खिडकीतून पाहिले. बाबांना गावात सगळे देवमाणूस म्हणत. मीही म्हणत असे. त्या दिवसानंतर तो शब्द माझ्या तोंडातून सहज निघेनासा झाला.

आणि आता गणपतीतली ती रात्र. पडद्यावर आफ्रिकेतला आश्रम. संडास साफ करण्याचे काम सगळ्यांनी आळीपाळीने करायचे, असा गांधींचा नियम. कस्तुरबा नाही म्हणतात. गांधी संतापतात, त्यांचा हात धरतात, ओढत बाहेर काढू लागतात. हा प्रसंग सिनेमावाल्यांनी रचलेला नाही. दरबानच्या घरातली १८९८ सालची अशीच हकीकत गांधींनी स्वतः आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे, कोणताही आडपडदा न ठेवता. कस्तुरबा विचारतात, तुम्हाला काही लाज? मी तुमची बायको, मी जाऊ कुठे? आणि त्या नटाचा हात सुटतो. तो संताप चेहऱ्यावरून एकदम जात नाही. आधी डोळ्यांतून जातो, मग खांद्यांतून जातो. आपण काय केले हे त्याला समजते, आणि ते समजताना आपल्याला दिसते.

त्या क्षणी मी पडद्याकडून बाबांकडे पाहिले. ते खाली बघत मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा काढत होते आणि घालत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला घागरीच्या आवाजाने जाग आली. बाबा दोन घागरी घेऊन फाटकातून बाहेर पडत होते. धोतराचा काचा मारलेला, खांद्यावर टॉवेल. विहिरीवरच्या बाया पदर सावरून बाजूला झाल्या म्हणे. गाव आठ दिवस हसले. मास्तर पाणी भरतो! बाबा रोज गेले. पाऊस भरपूर झाला, गावातली विहीर भरली, तरी गेले. दारात नळ आला त्या दिवशी थांबले.

"म्हणून माझा आवडता नट बेन किंग्जली," मी मुलांना म्हणालो. "ॲटनबरोला वीस वर्षे या चित्रपटाचा ध्यास होता. तो सांगत असे की १९६३ साली तो पंडित नेहरूंना भेटला, तेव्हा त्यांनी त्याला बजावले होते, बापूंना देव करू नका. आम्ही देव करणारी माणसे. गांधींचा पुतळा आम्ही चौकाचौकात उभा केला. आणि पुतळ्याला लाज कुठून वाटणार? परका माणूस आला आणि त्याने आम्हाला आमच्या महात्म्याची चूक दाखवली, आणि चुकीनंतरचा चेहरा दाखवला. गिनेस गोडबोल्यांचे गूढ दाखवायला गेला, म्हणून फसला. किंग्जलीने गांधींचे माणूसपण धरले. त्या एका चेहऱ्याने आमच्या घरात पाणी आणले."

मी थांबलो. कादंबरीकाराला आपले वाक्य चांगले वठल्याचे लगेच कळते. मुले गप्प होती. ओसरीच्या कोपऱ्यात आई दिव्यांसाठी वाती वळत बसली होती. तिचे वय आता पंच्याहत्तरीच्या पुढे; ऐकायला कमी येते असे आम्ही समजतो.

"मले त ते बाई आवडली, बाप्पा," ती वात वळता वळता म्हणाली.

"कोणती बाई, आजी?"

"गांधीबाबाची बायको. मराठीच होती न ते? लय चांगलं काम केलं तिनं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अन् तुये बाबा सिनेमा पाहून पाण्याले गेले, असं कोनं सांगतलं तुले?"

"मी पाहिले ना, आई. दुसऱ्या दिवशी पहाटे."

"पहाटे पायलं. रात्री त तू 'शोले' पाहत होता." तिने कापसाचा पेळू मांडीवर घेतला. "आमी घरी आलो. हे वट्ट्यावर बसले. म्या इचारलं, त्या गांधीबाबाले लाज वाटली, तुमाले काऊन वाटत नाही?"

ओसरीवर कुणीच काही बोलले नाही.

"मंग?" धाकट्याने विचारले.

"मंग काय? बोलले नाही काही. बसूनच रायले. दिवस निघायच्या आंधी घागरी घेऊन गेले." तिने वात पुरी केली आणि ताटलीत ठेवली. "पुढं मले सेवाग्रामले घेऊन गेले, शाळेच्या सहलीसंगं. बापूंची कुटी पायली, बाजूले बाईची कुटी. म्या म्हटलं, चला, हिले वायली खोली तरी भेटली."

सेवाग्रामची ती बा कुटी मीही पाहिली आहे. सर्वांमध्ये राहताना कस्तुरबांची अडचण होई, म्हणून जमनालाल बजाजांनी ती बांधून दिली, असे तिथे सांगतात. पण आईच्या तोंडून ती कुटी मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिली.

छत्तीस वर्षे मी एका इंग्रजाला ज्याचे श्रेय देत आलो, ते माझ्या घरातच कोपऱ्यात वाती वळत बसले होते. सिनेमाने बाबांना बदलले, ही माझी समजूत किती सुबक होती! मी कादंबरीकार, मला असे सुबक आवडते. पण आईने प्रश्न विचारला नसता तर बाबांनी घड्याळाचा पट्टा लावला असता आणि झोपी गेले असते. आणि पडद्यावर तरी दुसरे काय होते? कस्तुरबा लाज काढतात, म्हणून गांधींना लाज वाटते. किंग्जलीचा तो चेहरा रोहिणी हट्टंगडींच्या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे.

"मग मी कुणावर लिहू?" थोरली कासावीस होऊन म्हणाली. "रोहिणी हट्टंगडी ब्रिटिश नाहीत."

"किंग्जलीवरच लिही," मी म्हणालो. "माझा आवडता नट तोच. समोरचा माणूस बोलतो ते ज्याच्या चेहऱ्यापर्यंत पोचते, तो चांगला नट. पण त्याच्यासमोर कोण उभे होते, तेही लिही."

"दहाच ओळी लिहायच्या आहेत, बाबा."

"मग त्यांतली एक त्या बाईंना दे."

तिने वही उघडली. धाकट्याने पुन्हा भुवया उडवून मिस्टर बीनची बाजू मांडून पाहिली, पण आता त्याच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते. माझे तर मुळीच नव्हते. मला स्वयंपाकघरातला आवाज ऐकू येत होता. म्हणजे खरे तर ऐकू येत नव्हता. तळण थांबले होते. ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये आमच्याकडे फक्त एक कुडाची भिंत आहे. आत बसलेल्या माणसाला सगळे ऐकू जाते. आईने प्रश्न विचारला होता छत्तीस वर्षांपूर्वी, बाबांना. पण तो प्रश्न कुडापलीकडे कुणीतरी आजच ऐकला होता, आणि कुडाअलीकडे मीही.

मी उठून आत गेलो. सौभाग्यवती चुलीपाशी बसली होती. पिठाचा गोळा परातीत होता, सोऱ्या बाजूला. माझ्या कादंबरीच्या अकराव्या प्रकरणात, जे आता तेलकट होऊन टेबलावर पडले होते, नायक नायिकेची क्षमा मागतो. त्यासाठी त्याने चार पाने घेतली आहेत; त्यात चांदणे आहे, प्राजक्त आहे. मला मात्र एक वाक्य सुचेना. मी पाटावर बसलो, सोऱ्यात पीठ भरले आणि दाबू लागलो. चकली आली ती तुकडे होऊन. दुसरीही तशीच.

"मघाशी मी जे बोललो," मी म्हणालो, "ते बोलायला नको होते. मुलांच्या समोर तर नाहीच."

ती काही बोलली नाही. तुटलेल्या चकल्यांचे तुकडे तिने गोळा केले, परत पिठात मिसळले. मग तांब्या माझ्याकडे सरकवला.

"पीठ घट्ट झालं आहे," ती म्हणाली. "थोडं पाणी घाला."